रोटर हातात होता

उझित्सेला जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला निघालो आणि घाटात भर दुपारी गाडी बंद पडली. बावन्न वर्षांची चिमुकली गाडी, इंजिन मागच्या बाजूला. मी मागचं झाकण उघडून उभा, बायको स्टांका स्टेअरिंगवर.

पाचच मिनिटांत तशीच एक हिरवी गाडी थांबली. जुन्या गाडीवाला दुसऱ्याला रस्त्यात टाकून जात नाही. देसिमिर नावाचा जाडजूड गडी उतरला.

"काय दादा, म्हातारीला ऊन दाखवताय का?"

"तिला कसलं, ह्यांनाच ऊन लागलंय," स्टांका आतून म्हणाली.

हसत हसत देसिमिरने ठिणगी पोचवणारा रोटर काढला आणि तळहातावर धरून फुंकला.

तेवढ्यात इंजिन सुरू झालं.

"वहिनी, चावी नका हो फिरवू!"

"चावी माझ्या पर्समध्ये आहे."

आम्ही दोघांनी रोटरकडे पाहिलं. तो देसिमिरच्याच हातात होता. त्याने पेट्रोलची नळी उपटली. पेट्रोल रस्त्यावर गळत राहिलं आणि इंजिन संथ, छान चालत राहिलं. इतकं छान ते कित्येक वर्षांत चाललं नव्हतं.

"वहिनींना आधी खाली उतरवा," देसिमिर हळूच म्हणाला.

मी दार ओढलं. उघडेना. पलीकडचंही उघडेना. गाडीचं तोंड उताराकडे होतं.

"स्टांका, ब्रेक दाबून धर!"

"दाबलाय हो," ती काचेआडून म्हणाली. "पण शेजारचा क्लच आपोआप खाली जातोय."