तौफिकची धाव

फुटबॉलच्या सामन्याआधी कोचनी लॅपटॉप बंद केला. "रणजित, महिनाभर सरावात तुझी धाव वाढतेय. आज तूच खेळशील. तौफिक, तुझी निम्म्यावर आलीय. पुढच्या मोसमात तू संघात नसशील."

रणजित बोलायला गेला, तर तौफिकने त्याचं मनगट दाबलं.

रणजितचा गुडघा सुजला तेव्हा युक्ती तौफिकनेच काढली होती. धाव मोजणारं यंत्र बसवलेल्या बंड्या दोघं रोज सरावाआधी बदलायचे. कोचची नजर मैदानावर कमी, आकड्यांवर जास्त. "तू बरा होईपर्यंत, दादा. मला कोण काढतंय?" तो हसून म्हणाला होता.

कोच बाहेर गेले. रणजितने बूट पायात सरकवले, पण त्याला वाकता येईना.

तौफिक त्याच्या पुढ्यात उकिडवा बसला आणि त्याने नाड्या हातात घेतल्या.

"घट्ट बांधू, दादा?"