डावा त्याचा, उजवा तिचा

पक्षाघातानंतर शलमोनचा उजवा हात मांडीवर नुसता पडून असायचा. डावा शाबूत होता. हवाईयन गिटारवर लोखंडी बार तो अजून झोकात फिरवायचा, पण तारा छेडणार कोण? ऑर्केस्ट्राच्या दौऱ्यांपायी हा नवरा रत्नप्रभाच्या वाट्याला सणासुदीलाही क्वचितच आला होता. एका सकाळी तिनं त्याच्या तारा छेडायच्या धातूच्या नख्या स्वतःच्या बोटांत चढवल्या आणि त्याच्या उजवीकडे खुर्ची ओढली.

"अहो, शिकवा मला. बार तुम्ही फिरवा, तारा मी छेडते."

सुरुवातीला सगळ्या तारा एकदमच घणघणायच्या. "तळव्याची कड टेकव. आधीची तार गप्प कर, मगच पुढची," तो सांगायचा. "अंगठा, बोट, अंगठा, बोट. आणि मनगट सैल सोड गं!" ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमात शेवटी तो वाजवायचा ती जलद धून पुन्हा ऐकायला तो आसुसला होता. दुपारी त्याचा डोळा लागला, की रत्नप्रभा स्वयंपाकाच्या ओट्यावर बोटं नाचवत बसायची.

नाताळच्या सकाळी जमलं. त्याच्या बारबरोबर तिची बोटं धावली. एकही तार चुकली नाही. बघता बघता धून संपलीसुद्धा.

"आला ना तुमच्यासारखा वेग?" तिनं धापा टाकत विचारलं.

"आला." शलमोननं बार खाली ठेवला आणि तिचा हात धरला. "पण यापुढं सावकाशच वाजवू. असं फार लवकर संपतं गं."