मोकळा कान

"भावोजी, आज तरी ते मिटा," मेहुणी म्हणाली.

विमा कंपनीच्या डॉक्टरने लॅपटॉप मिटला नाही. बायकोला आत नेल्यापासून तो ऑपरेशन थिएटरच्या दारासमोरच्या बाकावर बसून होता. दारावर लाल दिवा होता, आणि त्या दिव्याकडे नुसतं बघत बसणं त्याला जमत नव्हतं. हेडफोन त्याने एकाच कानावर चढवला. दुसरा कान मेहुणीसाठी मोकळा ठेवला.

"हात रिकामे राहिले तर वेड लागेल मला."

"ताईला तपासायला नेलं, गाठ मोठी आहे असं कळलं, तेव्हाही तुमचे हात भरलेलेच होते. तिच्या सर्जनचं तोंडसुद्धा बघितलं नाहीत अजून."

"तू बघितलंस ना? कसा आहे?"

"भला माणूस आहे. पेशंटसाठी जीव टाकतो."

त्याने पडद्यावर पुढची फाईल उघडली. चूक त्याचीच होती.

आरोग्य विम्याच्या कंपनीत त्याचं काम दिसायला सोपं होतं. महागडं ऑपरेशन मंजूर करण्याआधी त्याने संबंधित सर्जनशी फोनवर चर्चा करायची. वशिलेबाजी नको म्हणून पडद्यावर ना डॉक्टरचं नाव दिसे, ना हॉस्पिटलचं. बटण दाबलं की फोन लागे. खरी खुबी वेळेत होती. हे फोन सकाळीच करायचे, कारण सकाळी सर्जन मंडळी ऑपरेशनमध्ये गुंतलेली असतात. फोन उचलला नाही की 'डॉक्टरांचा प्रतिसाद नाही' म्हणून फाईल बंद. कंपनीचे पैसे वाचले आणि नकार कुणीच दिला नाही. सुरुवातीला त्याला या कामाची लाज वाटायची. आता वाटत नसे.

स्वतःच्या बायकोची फाईल मात्र कंपनीने लगेच मंजूर केली होती.

त्याने बटण दाबलं.

"बोला. मीच सर्जन." मास्कआडून आल्यासारखा दबका, धापा टाकणारा आवाज.

तो गडबडला. सकाळी कुणी फोन उचलत नसे.

"तुमच्या एका पेशंटच्या आतड्याच्या ऑपरेशनबद्दल बोलायचं होतं. आधी औषधं देऊन बघितलीत?"

"सगळं लिहून पाठवलंय."

"तरी सांगा."

असा वेळ काढला की समोरचा वैतागून फोन ठेवतो, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं. हा सर्जन वैतागला नाही. एकेक औषध, एकेक तपासणी सांगत राहिला. मध्येच मेहुणीने बाही ओढून दाराकडे बोट केलं. त्याने हातानेच तिला थांबवलं.

"जरा आटपा ना," सर्जन म्हणाला. "दुसरी एक पेशंट टेबलावर आहे. पोट उघडलंय, असिस्टंटवर सोडून आलोय."

"मग फोन उचललात कशाला?"

"मागे एकदा नाही उचलला. तुम्ही लोकांनी फाईल बंद केलीत आणि माझा तो पेशंट दगावला. तेव्हापासून सिस्टरला सांगून ठेवलंय, कंपनीचा फोन आला की काहीही चालू असो, मला बाहेर बोलवायचं."

कंपनीच्या डॉक्टरला खरोखरच वाईट वाटलं. देऊन टाकावी मंजुरी, असंही क्षणभर मनात आलं. पण तोंडाला लागलेली सवय सुटत नव्हती.

"एक शेवटचंच विचारतो," तो म्हणाला. "ऑपरेशन थोडं पुढे ढकललं तर काय बिघडेल?"

सर्जनने उत्तर द्यायला श्वास घेतला, तोच मागून एका बाईने हाक मारली.

"डॉक्टर, लवकर आत या. रक्त थांबत नाहीये."

ती हाक त्याच्या एका कानात हेडफोनमधून आली, आणि मोकळ्या कानात समोरच्या लाल दिव्याच्या दारामागून.