पलटणीचा नेम

निवृत्त कर्नल लक्ष्मीकांत दळवींच्या थाटीपुरातल्या घरी त्यांच्या जुन्या पलटणीतले बारा जवान जेवायला आले होते. साहेब स्वतः आग्रह करकरून वाढत होते. सुभेदार रामसनेही तोमर म्हणाले, "साहब, आप भी बैठिए."

"पहले जवान, फिर अफसर! पूरी नौकरी में ये नियम नहीं तोडा, अब तोडूँ?"

सगळ्यांचे हात धुऊन झाले, तेव्हा कुठे साहेब समाधानाने पानावर बसले. ते पहिला घास उचलणार, तोच स्वयंपाकघरात तांब्या ठेवायला गेलेले सुभेदार परत आले आणि त्यांनी साहेबांपुढचं ताट अलगद काढून घेतलं.

"माफ करना साहब, अभी एक जवान भूखा है."

"कौन?" साहेब गोंधळून डोकी मोजू लागले.

"मेमसाब. सुबह से पूरियाँ तल रही हैं."

साहेब ओशाळले. उठून तेच ताट त्यांनी आत नेलं आणि बायकोपुढे धरलं.

शालिनीताईंनी गॅस बंद केला, कपाळावरचा घाम पुसला आणि त्या हसून म्हणाल्या,

"लग्नाला चाळीस वर्षं झाली. आज तुमच्या पलटणीत भरती झाले एकदाची!"