थोरलीच्या पंखावरचा अंगठा

"सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही," म्हातारा म्हणाला, "पण थोरलीला उडायला मी शिकवलं. एकट्याने. याच खोलीत."

थोरली कपाटावर बसली होती. रबराचं अंग, तारेची हाडं, वर कोंबडीची पिसं. चोचीचा रंग गेलेला, एक डोळा सैल होऊन खाली बघतोय. एके काळी या पक्षिणीने पडद्यावर जहाजंच्या जहाजं पंजात उचलून नेली होती आणि थेटरातल्या धडधाकट माणसांनी पाय खुर्चीवर घेतले होते.

टेबलावरच्या लॅपटॉपवरही तीच होती. समुद्रावरून उडताना मध्येच थांबवलेली. समुद्र प्लास्टिकच्या कागदाचा, धुकं कापसाचं. आणि डाव्या पंखाच्या टोकाशी माणसाचा एक अंगठा.

जुने सिनेमे साफ करणाऱ्या कचेरीतून एक बाई आली होती. म्हाताऱ्याने दारातच तिचं नाव ठेवलं, पुसणारी. सिनेमावरचे ओरखडे तिचे पुसून झाले होते, डाग पुसून झाले होते. उरला होता हा अंगठा. पापणी लवते तेवढ्यात येऊन जाणारा, आजवर कुणाच्या नजरेला न पडलेला. पुसायचा की ठेवायचा ते बनवणाऱ्याला विचारून या, असं तिला वरून सांगितलं होतं. संध्याकाळी सिनेमा कचेरीतून बाहेर पडायचा होता.

"पुसू ना, काका?"

"पुसणार कशी? समुद्राखालच्या राक्षसाचा आहे तो. पुढच्या भागात वर येणार होता."

"पुढचा भाग निघालाच नाही."

"त्यात राक्षसाचा काय दोष?"

पुसणारी हसली, पण तिचं बोट पुसायच्या बटणावरून हललं नाही. म्हातारा उठला, खिडकीपर्यंत गेला, परत येऊन बसला. समोरचा कप त्याने केसभर सरकवला, हात मागे घेतला, कपाकडे पाहिलं. पुन्हा केसभर सरकवला. अंगठा राहायला हवा होता. का राहायला हवा, ते सांगण्यापेक्षा त्याने आणखी दहा राक्षस उभे केले असते.

"बाबा, कप सोडा," किटली घेऊन आलेली लेक म्हणाली. "तो उडणार नाहीये."

"तू मध्ये बोलू नकोस. मोठ्यांचं चाललंय."

"बघा," लेक पुसणारीला म्हणाली, "या घरात थोरली ती आणि मी धाकटी. तिचा रोज फडक्याने चेहरा पुसतात. मी लहानपणी विचारायचे, माझाच अंगठा असा वाकडा का? तर म्हणे, थोरलीच्या नखावर गेलाय. शाळेत ऐटीत सांगत फिरायचे मी."

"काका, मला कारण लागेल," पुसणारी म्हणाली. "नाहीतर ती चूक धरतील."

"चूक." म्हाताऱ्याच्या दाताखाली जणू खडा आला. "तुमच्या यंत्रातल्या राक्षसांत एक चूक सापडत नाही. म्हणून तर लोक त्यांच्याकडे बघत निवांत लाह्या खातात. आमची थोरली आली की हातातल्या लाह्या खाली सांडायच्या." तो पुन्हा उठला. "बघ, मी दाखवतो. पंख केसभर हलवायचा. हात काढायचा. त्या टोकाला पळायचं, तिथे कॅमेरा. खटका दाबायचा. एक चित्र. पळत परत. पुन्हा केसभर. अख्खा समुद्र मी पायी ओलांडलाय, बाई. आणि दुसऱ्या माणसाला या खोलीत थारा नव्हता. नुसता श्वास लागला तरी पिसं हलायची."

"पिसं आईने शिवली ना?" लेकीने विचारलं.

"शिवली. स्वयंपाकघरात बसून."

भिंतीवर तिच्या आईचा एकुलता एक फोटो होता. खांद्यांपर्यंतचा, त्यात हात आलेच नव्हते. लेक रांगायला लागायच्या आधीच आई गेली होती. म्हातारा फोटोकडे पाठ करून बसला.

"मग हा अंगठा तुमचाच?" पुसणारी म्हणाली.

म्हाताऱ्याला हे सुचलंच नव्हतं. त्याने ते झेलल्यासारखं उचललं. "माझाच. सही आहे ती माझी. चित्रकार कोपऱ्यात करतो ना, तशी. सही कुणी पुसतं का?"

पुसणारी त्याच्या हाताकडे बघत राहिली. कपाला धरलेला त्याचा अंगठा कालथ्यासारखा रुंद आणि चपटा होता. तिचं बोट अजून बटणावरच होतं.

"थांबा जरा," लेक म्हणाली. तिने किटली खाली ठेवली. "बाबा, तुमचा अंगठा पंखावर होता, तर त्या टोकाला खटका कोणी दाबला?"

म्हाताऱ्याने कप सरकवला. या वेळी केसभर नाही, चांगला वीतभर. चहा हिंदकळून टेबलावर सांडला.

"खटका दाबायची घाई कुणाला झाली होती?" लेकीने विचारलं. "समोरच्याचा हात निघायच्या आधीच?"

लेक पडद्यावर वाकली. पंखावरचा अंगठा बारीक होता, टोकाशी बाहेर वळलेला, नख एका अंगाला कललेलं. शेजारच्या पिसातून दोऱ्याचं टोक लोंबत होतं. तिने आपला हात पुढे केला आणि अंगठा पडद्याला टेकवून त्याच्या शेजारी धरला.

पुसणारीने बटणावरचं बोट काढून हात मांडीवर घेतला.

"थोरलीच्या नखावर? खोटं, बाबा," लेक म्हणाली. "हा तर मला आलाय."