मेलेल्या डुकराची लाथ

सुगंधाने नुकत्याच मारलेल्या रानडुकराला ग्रामपंचायतीच्या यंत्राचे चिमटे लावले आणि कळ दाबली. अंगात वीज शिरताच डुकराने एवढ्या जोरात लाथ झाडली की जमलेली माणसं मागे सरली.

"सुगंधे, जित्तं हाय की गं अजून!" तिचे चुलते दौलूतात्या हसले. "घाल दुसरी गोळी. डोक्याचा मान गेला तुझा."

एका गोळीत डुक्कर पाडणाऱ्यालाच त्याचं डोकं मिळे. परवान्याची शिकार सुरू झाल्यापासून ते तात्यांच्याच घरी जात होतं. सुगंधाची ही पहिलीच शिकार होती.

"मेलंय ते, तात्या. अंगात उरलेली ताकद विजेनं खर्च झाली, की मटण मऊ होतं."

"मग माझी डुकरं का नुसती थरथरत्यात?"

"तुमचं डुक्कर गोळी खाऊन ओढ्यापर्यंत पळतं. ताकद पळण्यातच संपते. ह्याला पळायला सवडच मिळाली नाही."

तात्यांनी वाकून जखम चाचपली. ती बरोबर कानामागे होती. ते उठले आणि गर्दीकडे वळून ओरडले, "लांब काय हुबं ऱ्हायलाय? म्होरं या! माझ्या पुतणीच्या डुकराची लाथ बघा. दाब गं परत!"