जांभळा तुझा, पिवळा तुझा

आत्याने आयुष्यभर जमवलेले खडे वाटायला काढले. थोरल्या भाचीला फोनवर म्हणाली, “जांभळा तुझा.” धाकटीला म्हणाली, “पिवळा तुझा.” पाच वर्षं अबोला धरलेल्या त्या बहिणी रविवारी एकाच वेळी येऊन टेबलाशी समोरासमोर बसल्या. आत्याने डबी उघडली, तर कापसात एकच खडा उभा; लिंबाएवढा, पैलूदार. “माझा पिवळा!” धाकटी म्हणाली. “डोळे फुटले का? जांभळा आहे!” थोरली कडाडली. “इकडून बघ ना!” थोरली तणतणत उठली, बहिणीच्या खुर्चीमागून वाकली. खडा अर्धा जांभळा होता, अर्धा पिवळा. दोघींना एकदमच हसू फुटलं. “आत्या, लबाड आहेस गं! आता कापायचा?” “कापलात तर याद राखा! महिनाभर हिच्याकडे, महिनाभर तिच्याकडे. पोचवायला मात्र स्वतः जायचं.” थोरलीने डबी उचलली. “एक तारखेला आणते.” “इतक्या उशिरा?” धाकटीने विचारलं.